शरणपूर : आश्रय की शरणागती?

१/ नाशिककर ‘शरणपूर रोड’ हे शब्द दिवसातून अनेकदा उच्चारतात. कॅनडा कॉर्नरचा पत्ता सांगताना तर हमखास. मात्र ‘मिशनऱ्यांना शरण गेलेल्यांची वस्ती’ असा या नावाचा अर्थ कोणी लावला, तर तो चुकीचा ठरेल आणि तेथे राहिलेल्यांवर अन्याय करणाराही.

२/ संस्कृतात ‘शरण’ म्हणजे आसरा, रक्षण. घर असाही अर्थ कोशांत आढळतो. मराठीत हार पत्करण्याचा भाव इतका बळावला, की मूळ अर्थ झाकला गेला.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. बायबल मुखोद्गत असलेल्या मिशनऱ्यांना हे नाव घेताना ‘गणना’ या ग्रंथाचा ३५ वा अध्याय आठवला नसेल, हे पटत नाही. हातून नकळत मनुष्यहत्या घडलेल्याने सूड घेणाऱ्यापासून जीव वाचवण्यासाठी कोठे धाव घ्यावी, याचा तो कायदा. त्यानुसार पुढे सहा नगरे नेमली गेली : यार्देनच्या पश्चिमेस केदेश, शखेम, हेब्रोन, पूर्वेस बेसेर, रामोथ, गोलान. इस्राएली असो वा परका, नियम एकच.

४/ अशा नगराला हिब्रूत ‘ईर मिक्लात’ म्हणतात. ‘ईर’ म्हणजे नगर. ‘मिक्लात’चा धातू क-ल-त, उत्तरकालीन हिब्रूत त्याचा अर्थ आत घेणे, सामावून घेणे. आजच्या इस्राएलात बॉम्बहल्ल्यापासून बचावाच्या जागेला ‘मिक्लात’ म्हणतात आणि नवागतांना सामावून घेण्याला ‘क्लिता’. (कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना हा दुसरा शब्द चांगलाच परिचित असणार.) म्हणजे हिब्रू शब्दात क्रिया आहे ती आसरा देणाऱ्याची. येणाऱ्याने मान तुकवण्याचा भाव त्यात नाही.

५/ शरणपुरात आलेल्यांत अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुलेही होती. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले. त्यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीसोबतही तो होता. गुलामांच्या गलबतावरून सुटलेल्या अशा मुलाला ‘शरण आलेला’ कसे म्हणावे?

६/ पण बायबलमधील आश्रयाला एक अट होती. प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत आश्रिताने नगराची वेस ओलांडायची नाही. ओलांडली तर रक्षण संपले. शरणपूरचा आश्रयही बिनशर्त नव्हता. नाव, धर्म, धंदा, सारे देणाऱ्याच्या पसंतीचे. ‘जेकब वेनराइट’ हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे.

७/ १८७४ मध्ये प्राइस मोंबासाला गेले. पुढच्याच वर्षी तेथे मुक्त गुलामांसाठी नवी वसाहत उभी राहिली आणि नाशिकचे अनेक आफ्रिकी तिकडे गेले. तिचे नाव फ्रियर टाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. नाशिकहून गेलेल्यांना तेथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.