चांदी गेली, रूळ राहिले

छंदापायी माणूस वेडा होतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण कधीकधी शहाण्या लोकांनी मोडीत काढलेली वस्तू असे वेडे लोकच वाचवतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरात धावणाऱ्या छोट्या गाड्यांची ही हकिगत तशीच आहे.

न्यू मेक्सिको राज्यातले चामा हे अगदी लहान गाव. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथली सकाळ इंजिनाच्या शिट्टीने सुरू होते. यार्डात काळे इंजिन धुमसत असते. पाण्याच्या उंच लाकडी टाकीखाली त्याची तहान भागवली जाते. फायरमन भट्टीत फावड्याने कोळसा टाकतो आणि फलाटावर जमलेल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. थोड्या वेळाने गाडी हलते आणि कुंब्रेस खिंडीची चढण चढू लागते. खिंडीची उंची १०,०१५ फूट आहे. चामाच्या बाजूने चढण इतकी अवघड, की दर १०० फुटांमागे गाडीला ४ फूट वर जावे लागते.

गाडी निघून गेल्यावरही काही माणसे मागे उरतात. कुणी जुन्या वाघिणीच्या फळ्यांना रंग देत असतो, कुणी कुजलेली फळी काढून नवी ठोकत असतो. यांतले बरेच जण नोकरीतून निवृत्त झालेले. कुणी शिक्षक होता, कुणी इंजिनीअर, कुणी बँकेत कारकून. पगार तर नाहीच, उलट येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्चही पदरचा. घरच्यांना प्रश्न पडतो, की सुटीत आराम करायचा सोडून हा माणूस परक्या गावात जाऊन गंज का खरवडतो? उत्तर मिळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

तीन फुटांची किमया

अमेरिकेत बहुतेक रेल्वेमार्गांची रुंदी ४ फूट साडेआठ इंच असते. १८७० मध्ये जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही रेल्वे कंपनी काढली, तेव्हा त्यांनी रुळांमधले अंतर फक्त ३ फूट ठेवायचे ठरवले. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ २ फुटांचे आहेत, त्यापेक्षा हे थोडे मोठे. यामागचे गणित साधे होते. रूळ अरुंद असले की वळणे आखूड घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो, बोगदे लहान चालतात आणि खर्च वाचतो. रॉकी पर्वताच्या कड्यांना बिलगून जायचे तर हाच मार्ग परवडणारा होता.

कोलोरॅडोच्या सान हुआन डोंगरात सोने आणि चांदी सापडली होती. हा प्रदेश मुळात यूट या आदिवासींचा. १८७३ च्या ब्रूनो कराराने त्यांना हे डोंगर सोडावे लागले. पुढच्या काही वर्षांत बहुतेक यूट लोकांना कोलोरॅडोतूनच हलवण्यात आले. रेल्वेच्या सुंदर चित्रांत ही बाजू सहसा दिसत नाही, पण ती लक्षात ठेवलीच पाहिजे. १८८० च्या अखेरीस रूळ चामापर्यंत आले, १८८१ मध्ये दुरांगोला आणि १८८२ च्या जुलैत सिल्व्हरटनला पोचले. सिल्व्हरटन या नावातच चांदी होती. खाली येणाऱ्या वाघिणी खनिजाने भरलेल्या असत आणि वर जाणाऱ्या गाड्या पीठ, यंत्रे, डाक आणि माणसे नेत.

मुंबईच्या टाकसाळीचा धक्का

या डोंगरातल्या गाड्यांचे नशीब एकदा थेट हिंदुस्थानशी जोडले गेले होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. त्या काळी आपला रुपया चांदीचा होता. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत जावे आणि ठरलेले शुल्क भरून तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे हिंदुस्थान हे जगातल्या चांदीचे मोठे गिऱ्हाईक होते. १८९३ च्या जूनमध्ये ब्रिटिश सरकारने ही मोकळीक बंद केली. चांदीचा भाव कोसळला. हजारो मैलांवर कोलोरॅडोत खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या, बँकांना टाळी लागली, मजूर गाव सोडू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारनेही चांदीखरेदीचा आपला कायदा रद्द केला. रुपयाच्या या इतिहासाची चिकित्सा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या प्रबंधग्रंथात केली आहे.

या तडाख्यात रिओ ग्रँड सदर्न ही रेल्वे सापडली. ऑटो मिअर्स यांनी बांधलेला रिजवे ते दुरांगो हा १६२ मैलांचा मार्ग १८९१ च्या अखेरीस पुरा झाला होता. दोन वर्षेही धड गेली नाहीत, तोच कंपनी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. पण ती लगेच मेली नाही. पुढची जवळजवळ साठ वर्षे ती ओढाताण करत जगली.

या ओढाताणीतूनच एक गमतीदार गाडी जन्माला आली. १९३१ मध्ये वाफेच्या इंजिनाचा खर्च परवडेना, तेव्हा रिजवेच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी जुन्या मोटारगाडीचा सांगाडा घेतला, त्याला रेल्वेची चाके लावली आणि मागे सामानाची पेटी जोडली. डाक, थोडे सामान आणि चारदोन प्रवासी एवढ्यावर हे वाहन डुलत डुलत डोंगर पार करी. लोकांनी त्याला ‘गॅलपिंग गूज’, म्हणजे चौखूर उधळणारे हंस, असे नाव दिले. कंपनीने आपल्यासाठी अशी सात वाहने बनवली. अखेर डाकेचे कंत्राट गेले आणि १९५१ मध्ये मार्ग बंद पडला. रूळ उखडून भंगारात निघाले. हंस मात्र बहुतेक सगळे वाचले. पाच नंबरचा हंस डोलोरेस गावच्या लोकांनी १९९८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा रुळावर आणला.

भंगारातून काय काय उचलले

रूळ उखडले जात असताना कुणाला तरी हळहळ वाटत होती. डेन्व्हरमध्ये १९३८ पासून रेल्वेप्रेमींचे एक मंडळ काम करत होते. रॉकी माउंटन रेलरोड क्लब हे त्याचे नाव. या मार्गांवर खास सहली काढायच्या, छायाचित्रे घ्यायची, नोंदी ठेवायच्या, असे त्याचे काम. रिओ ग्रँड सदर्नचे २० नंबरचे इंजिन भंगारात जाणार असे दिसताच या मंडळाने ते विकत घेतले. याच इंजिनाने १९५० च्या ‘अ तिकीट टू टॉमाहॉक’ या चित्रपटात काम केले होते. त्या चित्रपटात मेरिलिन मन्रो एका छोट्या भूमिकेत होती. पुढे कित्येक वर्षे हे इंजिन नुसते उभे होते. दीर्घकाळच्या दुरुस्तीनंतर २०२० मध्ये ते पुन्हा स्वतःच्या वाफेवर धावले. ज्यांनी ते वाचवले, त्यांतले कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नव्हते.

रॉबर्ट रिचर्डसन यांचे उदाहरण तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. अलामोसा गावात ते मोटेल चालवत. मोटेलच्या आवारात त्यांनी भंगारातून आणलेली इंजिने आणि डबे उभे केले. कोणता मार्ग बंद करण्याच्या हालचाली चालल्या आहेत, याच्या बातम्या देणारे छोटे पत्रकही ते काढत. १९५९ मध्ये त्यांनी आणि कॉर्नेलियस हाउक यांनी डेन्व्हरजवळ गोल्डन इथे कोलोरॅडो रेलरोड म्युझियम उभे केले. आज ते या भागातल्या रेल्वे इतिहासाचे मोठे भांडार आहे.

पण वस्तू संग्रहालयात ठेवणे वेगळे आणि सबंध मार्ग वाचवणे वेगळे. १९६८ मध्ये चामाच्या मार्गावरची मालवाहतूक थांबली आणि तो मोडण्याची तयारी सुरू झाली. रेल्वेप्रेमींनी आणि गावकऱ्यांनी धावपळ करून दोन्ही राज्यांच्या सरकारांना पटवले. १९७० मध्ये कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी मिळून अँटोनिटो ते चामा हा ६४ मैलांचा मार्ग, इंजिने आणि डब्यांसह विकत घेतला. कुंब्रेस अँड टोल्टेक हे त्याचे आजचे नाव. १९२५ मध्ये बाल्डविन कारखान्यात बनलेली इंजिने तिथे अजून गाडी ओढतात. २०१० मध्ये मार्गावरचा एक मोठा पूल आगीत सापडला, तेव्हा आता सारे संपले असे वाटले होते. पण पूल दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षी गाड्या पुन्हा त्यावरून गेल्या.

खोलीत मावणारा डोंगर

ज्यांना खऱ्या इंजिनापर्यंत पोचता येत नाही, ते घरातच रेल्वे उभारतात. हा मुलांचा खेळ आहे असे समजू नये. सर्वांत लोकप्रिय प्रमाण आहे १ ला ८७. म्हणजे खरी वस्तू ८७ पट लहान करायची. त्या हिशेबाने ३ फुटांचे रूळ साडेदहा मिलिमीटरचे होतात. पण ६४ मैलांचा मार्ग याच प्रमाणात करायचा म्हटले तर एक किलोमीटरहून लांब खोली लागेल! म्हणून कसबी छांदिष्ट निवड करतो. एक पूल, एक स्टेशन, पाण्याची टाकी आणि खिंडीतले एक वळण घेतो आणि मधले सोडून देतो. अंतर कमी, म्हणून घड्याळही पळते ठेवतात. त्यांच्या दहा मिनिटांत रेल्वेचा एक तास जातो.

या कलेत जॉन ॲलन यांचे नाव आदराने घेतले जाते. ते पेशाने छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी आपल्या घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले. काही ठिकाणी खुबीने आरसे बसवून खोली दुप्पट भासेल अशी युक्ती केली. नव्या कोऱ्या डब्यांना धूळ, गंज आणि धुराचे रंग देऊन ते वापरलेले वाटावेत, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. विनोदबुद्धीही तशीच. शंटिंगसाठी त्यांनी इंजिनाऐवजी एक खेळण्यातला डायनोसॉर जुंपला होता! ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन यांचे निधन झाले आणि अवघ्या दहाएक दिवसांत घराला आग लागून ती सारी सृष्टी नष्ट झाली. उरली ती त्यांनी काढलेली छायाचित्रे आणि लिहिलेले लेख. त्यांवरूनच पुढच्या पिढ्या शिकल्या.

सान दिएगोमध्ये याच्या उलट रीत दिसते. तिथल्या मॉडेल रेलरोड म्युझियममध्ये ला मेसा क्लबच्या सभासदांनी कॅलिफोर्नियातल्या तेहाचापी घाटाची प्रतिकृती केली आहे. मूळ घाट १८७६ मध्ये पुरा झाला. विल्यम हूड त्याचे इंजिनीअर आणि काम करणारे बहुसंख्य मजूर चिनी. तिथे मार्ग डोंगराभोवती पूर्ण वर्तुळ घेतो आणि ७७ फूट वर चढून स्वतःलाच ओलांडतो. पुरेशी लांब मालगाडी असली, तर तिची शेपटी बोगद्यात असताना तोंड वरच्या रुळावरून जात असते. प्रतिकृतीवर सभासद १९५० च्या सुमाराच्या नियमांनी गाड्या चालवतात. वेळापत्रक, कागदी हुकूम, कुणाची गाडी कुठे बाजूला थांबेल, सगळे त्या काळासारखे. हे काम कुणा एकाचे नाही. एक सभासद थकला की त्याच्या जागी दुसरा शिकून तयार होतो.

धूर आणि जबाबदारी

प्रेम आंधळे असून मात्र चालत नाही. १ जून २०१८ रोजी दुरांगोजवळच्या जंगलात मोठी आग लागली आणि सुमारे ५४,००० एकर जंगल जळाले. दुरांगो ते सिल्व्हरटन धावणाऱ्या पर्यटकगाडीच्या इंजिनातून उडालेल्या निखाऱ्याने ती लागली, असा दावा अमेरिकन सरकारने न्यायालयात केला. २०२२ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्या मार्गावरची इंजिने एकामागून एक कोळशाऐवजी तेलावर चालतील अशी बदलण्यात आली.

कोळशाच्या वासाशिवाय वाफेचे इंजिन कसले, असे म्हणणारे शौकीन आहेतच. त्यांची हळहळ समजण्याजोगी आहे. पण डोंगर कोरडे पडत चालले असताना पायथ्याच्या घरांचा जीव धोक्यात घालून कुठलाच वारसा जपता येणार नाही. बदल नाकारला असता तर कदाचित गाडीच बंद पडली असती. जुने जपायचे तर त्यातले काय सोडायचे, हेही ठरवावे लागते.

घरोघरी असा एखादा छंदिष्ट असतोच. कुणी नाणी जमवतो, कुणी जुनी घड्याळे, कुणी ग्रामोफोनच्या तबकड्या. घरच्यांना ती अडगळ वाटते आणि तो गेल्यावर सारे रद्दीत जाते. दोष घरच्यांचा एकट्यांचा नसतो. त्या वस्तूंमध्ये काय आहे, हे त्याने कुणाला सांगितलेलेच नसते. जमवलेल्या वस्तूंची नोंद ठेवावी, त्यांची माहिती लिहून काढावी आणि एखाद्या तरी लहान मुलाला हाताशी धरून शिकवावे. चामाच्या यार्डात पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक नेमके हेच करतात. हातातला ब्रश ते शेजारच्या पोराला देतात आणि फळीला रंग कोणत्या बाजूने लावायचा ते दाखवतात.