गवंड्याने लिहिलेला कायदा

कायदा कोण लिहितो? राजा, धर्मगुरू किंवा पंडित, असे आपण ऐकत आलो. ट्युनिस शहराचा इतिहास निराळे उत्तर देतो. म्हणून आम्ही तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

उत्तर आफ्रिकेतील या शहराच्या जुन्या वस्तीचा अभ्यास बेसिम हकीम या वास्तुशास्त्रज्ञाने केला. अरब-इस्लामी शहरांवरील त्यांचा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. वाकड्यातिकड्या गल्ल्या पाहून युरोपीय पंडितांनी अशा शहरांना बेशिस्त ठरविले होते. हकीम यांनी त्या गल्ल्यांमागचे नियम उलगडले. रहदारीचा रस्ता किमान सात हात रुंद, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन मीटर. कारण ओझे लादलेले दोन उंट समोरासमोरून जाऊ शकले पाहिजेत. पुढे वाट नसलेली गल्ली तेथील रहिवाशांच्या सामाईक मालकीची. त्यांच्या संमतीशिवाय तिथे नवे दार काढता येत नसे. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी असो, हमामाचा धूर असो की चामडे कमावण्याची दुर्गंधी, कसोटी एकच: दुसऱ्याला इजा होते काय?

या अभ्यासाचा एक मोठा आधार म्हणजे इब्न अल-रामी. १३३४ च्या सुमारास वारलेला हा ट्युनिसचा गवंडी. बांधकामाचे तंटे काझीपुढे आले, की जाणकार म्हणून मत देणारा. मालिकी न्यायपंडितांची मते आणि स्वतःचा अनुभव यांची सांगड घालून त्याने ग्रंथ लिहिला. थापी धरणाऱ्या हाताने लेखणी धरली आणि न्यायालयाने ती मानली! जिथे श्रम करणाऱ्याला अक्षराचीच बंदी होती, त्या समाजातून वकिलीत आलेल्या आम्हाला याचे मोल अधिक कळते.

परंतु भाबडेपणा नको. हे शहर समतेचे नव्हते. झैतुना मशिदीला लागून अत्तरवाल्यांचा बाजार. चामडे कमावणारे मात्र शहराच्या कडेला. दुर्गंधीने शेजाऱ्याला होणारी इजा कायद्याने मोजली. तीच दुर्गंधी आयुष्यभर छातीत भरून घेणाऱ्याची इजा कोणी मोजली? ट्युनिशियात गुलामगिरीही १८४६ साली रद्द होईपर्यंत कायदेशीरच होती.

तेव्हा जुन्या शहराचे गोडवे गाऊन किंवा त्याला नावे ठेवून भागणार नाही. उद्या आपल्या वस्तीवरून रेघ ओढणारा विकास आराखडा हाती पडेल, तेव्हाही दोनच प्रश्न विचारा: हा लिहिताना काम करणाऱ्याला विचारले काय? आणि यात कोणाची इजा मोजली, कोणाची वगळली?