भाग जुने, जोडणी नवी: सीटी स्कॅनच्या पेटंटचा वाद

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ईएमआय कंपनीत घडवलेल्या सीटी स्कॅनसाठी १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज झाला. अमेरिकी पेटंट १९७३ मध्ये मिळाले. यात नवे ते काय, असे विचारणाऱ्याला पुराव्यांची वाण नाही. रेषांवरील बेरजांतून मूळ आकृती परत मिळवण्याचे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. क्ष-किरणांच्या शोषणावरून शरीराचा छेद कसा काढावा, याविषयीचे ॲलन कॉर्मॅक यांचे लेख १९६३ व १९६४ मध्ये छापले गेले. डोक्यातून अनेक दिशांनी किरण सोडणाऱ्या उपकरणाचे पेटंट विल्यम ओल्डेंडॉर्फ यांच्याकडे १९६३ पासून होते. आक्षेपकाच्या मते तिन्ही जोडले की स्कॅनर झाला.

हे उत्तर पाहून गणित सोडवणे झाले. अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १०३ चा प्रश्न वेगळा आहे: त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला हा दावा, सबंधच्या सबंध, त्या काळी उघड वाटला असता का? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या ग्रॅहम निकालानुसार आधी जुने ज्ञान, त्याचा दाव्याशी असलेला फरक आणि जाणकाराची पातळी ठरवावी लागते. ओल्डेंडॉर्फ यांचे उपकरण एकेका बिंदूचे शोषण वेगळे काढत असे. हजारो मोजण्या संगणकाने सोडवून अख्ख्या छेदाचे चित्र उभारणे त्यात नव्हते. खरा फरक तिथे आहे.

पेटंटच्या बाजूनेही लंगडे युक्तिवाद होतात. राडोन यांचे काम तेव्हा कॉर्मॅक यांनाही ठाऊक नव्हते, हे खरे. पण कायद्यातला काल्पनिक जाणकार सगळे छापील ज्ञान जाणतो. पहिल्या प्रायोगिक चित्राला नऊ दिवस आणि २८,००० मोजण्या लागल्या, हेही खरे. पण कष्ट म्हणजे शोध नव्हे. यंत्र धडाक्याने खपले, या पुराव्यालाही वजन तेव्हाच, जेव्हा खप दाव्यातल्या वैशिष्ट्यामुळे झाला असे दिसते. शिवाय त्याच न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर 'हे जोडा असे कोणी लिहिले नव्हते' एवढ्यावर भागत नाही.

टिकणारा मुद्दा एकच: जोडण्याचे कारण होते का, आणि जोडल्यास यशाची रास्त अपेक्षा होती का? मेंदूच्या मऊ ऊतींतला शोषणाचा फरक इतका सूक्ष्म, की साध्या क्ष-किरण फिल्मवर तो उमटतच नसे. तो अशा मोजण्यांतून वाचता येईल, अशी खात्री जुन्या कागदांतून मिळत नव्हती. म्हणून छेदातल्या प्रत्येक चौकोनाचे शोषण संगणकाने काढण्यापुरता बांधलेला दावा टिकावा. 'अनेक दिशांनी किरण सोडून मोजणे' एवढाच मोघम दावा मात्र ओल्डेंडॉर्फ यांच्या पेटंटपुढे उभा राहू शकत नाही.