दोन शिडाच्या बोटी आणि व्यापाऱ्याचा हिशेब

शिडाच्या बोटींचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शीड हे शेवटी कापडच असते, हे माझे पहिले उत्तर. दुसरे उत्तर असे की, माल पारखून भांडवल कसे घालावे, याचा चांगला धडा या दोन बोटींच्या हिशेबात आहे.

गोल्डन ग्लोब नावाची एक सागरी शर्यत आहे. एकट्या माणसाने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी घालायची. 1968 साली ती प्रथम झाली तेव्हा नऊ जण निघाले आणि एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969 मध्ये परत पोहोचले. त्यांची 'सुहैली' ही सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. नावही अरबी. आखातातले खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात.

पन्नास वर्षांनी, 2018 साली, ही शर्यत पुन्हा सुरू झाली. नियम जुन्या काळाचे : बोट 32 ते 36 फुटांची, आराखडा 1988 पूर्वीचा, तळाचा कणा (कोकणातले सुतार त्याला पठाण म्हणतात) लांब आणि सुकाणू त्यालाच जोडलेले. त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक रस्टलर 36 या एकाच बनावटीच्या बोटींनी पटकावले. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी त्याच शर्यतीत गोव्यात बांधलेली, सुहैलीची प्रतिकृती असलेली 'थुरिया' घेऊन उतरले होते. सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तिसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली.

2022 च्या शर्यतीसाठी टॉमींनी रस्टलर 36 निवडली. सिद्ध झालेला माल घेतला, म्हणा ना. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी मात्र केप जॉर्ज 36 ही बोट घेतली. ती बनावट घेणाऱ्या त्या एकट्याच.

आता दोन्ही बोटी तराजूत घालू. दोन्हींची बाहेरची लांबी जवळपास सारखीच. दोन्हींचे अंग फायबर ग्लासचे. रस्टलर ही इंग्लंडची, वजन साडेसात टनांच्या वर. केप जॉर्ज ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली, वजन साडेदहा टनांच्या आसपास. खरा फरक पाण्याच्या रेषेवर आहे. रस्टलर पाण्यावर सुमारे 27 फूट टेकते, केप जॉर्ज 31 फुटांहून जास्त. अशा वजनदार बोटीचा वेग पाण्यावरच्या या लांबीने बांधलेला असतो. ठोकळ हिशेबाने रस्टलरची मर्यादा 7 नॉट आणि केप जॉर्जची साडेसात. अर्धा नॉट म्हणजे दिवसाला 12 सागरी मैल. भरपूर वारा मिळालेल्या शंभर दिवसांत ते 1200 मैल होतात. शिवाय आठ महिन्यांचे अन्न-पाणी भरले तरी जड बोट त्या भाराने कमी दबते.

मग केप जॉर्ज कितीतरी आधी पोहोचायला हवी होती. प्रत्यक्षात नॉयशेफर 27 एप्रिल 2023 रोजी पोहोचल्या आणि टॉमी 29 एप्रिलला. एकीचे 235 दिवस, दुसऱ्याचे 236. कारण वारा रोज भरपूर नसतो. मंद वाऱ्यात साडेदहा टन ओढायला कापड जास्त लागते आणि तिथे हलकी बोट पुढे सरकते. उलट वादळी दक्षिण समुद्रात जड बोट आपली चाल राखते.

आम्हा कापडवाल्यांना यातली आणखी एक गोष्ट लगेच कळेल. ही शिडे पॉलिस्टरची असतात. विणकाम घट्ट, वर उष्णता देऊन आटवलेले. ताण्या-बाण्याच्या दिशेने ते ताणत नाही, पण उरेब ओढले की सैल पडते. म्हणून शीड बेतणारा कारागीर जोर कुठून येणार ते आधी पाहतो आणि मगच कात्री लावतो. उन्हाने आधी शिवण जाते, कापड नंतर. बोट जितकी जड, तितका या शिवणीवर भार अधिक.

माझे मत विचाराल तर तयार, चाचणी झालेली आणि हाताळायला सोपी बोट हवी त्याने रस्टलर घ्यावी. दूरचा, वादळी प्रवास आणि मोठा भार असेल तर केप जॉर्ज, पण ती नीट सज्ज करण्याची ऐपत आणि सब्र असेल तरच. आपल्या बाजारात मात्र उलटे चालते. एका हंगामात एखादा माल चालला की पुढच्या हंगामात सगळे तोच भरतात, प्रसंगी कर्ज काढून. आपल्याला कोणत्या पाण्यात जायचे आहे, हे कोणी विचारत नाही. थोड्या भांडवलाच्या दुकानदाराने हलके राहावे, त्यात कमीपणा नाही. मंदीच्या दिवसांत तोच तरतो.

अखेरची गोष्ट या सगळ्यापेक्षा मोठी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची बोट बुडाली. नॉयशेफर यांनी आपली शर्यत बाजूला ठेवून बोट वळवली आणि त्यांना तराफ्यावरून वाचवले. पंचांनी त्यांना 35 तास परत दिले, पण वळताना त्यांनी तासांचा हिशेब मांडला नव्हता. सोळांपैकी अवघे तिघे कुठेही न थांबता फेरी पूर्ण करू शकले आणि त्यांत पहिल्या त्याच ठरल्या. माल पारखणे, बोट मजबूत करणे हे आपले काम, तवक्कुल त्यानंतरचा. पण स्पर्धेतल्या बुडत्या माणसाला हात देऊनही पुढे जाता येते, हे आपल्या तिजारतीत आपण किती वेळा दाखवून देतो? अल्लाह आपल्याला तशी तौफिक देवो, आमीन.