बुडालेली वीण आणि बेटावरचा उंदीर

एल निनो म्हटलं की येवल्यात माणसं आभाळाकडे बघतात. समुद्राकडे कोण बघणार? 2023 साली पाऊस रुसला, ऑक्टोबरअखेर शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत आपलाही नंबर लागला आणि सगळ्या गप्पा कांदा, टँकर, पालखेड कालव्याचं आवर्तन यांभोवतीच फिरल्या. हा एल निनो जिथे उठतो, त्या प्रशांत महासागरात त्याची झळ आधी पक्ष्यांना लागते.

पेरूच्या किनाऱ्याला एरवी खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर अँचोव्ही ही छोटी मासळी पोसते आणि अँचोव्हीवर पाणकावळे, बूबी, पेलिकन. एल निनोत वरचं पाणी तापतं, मासळी खोल जाते किंवा पांगते. मग पक्षी पिल्लांसकट घरटी टाकून निघून जातात. 1982-83 च्या एल निनोत मध्य प्रशांतातल्या किरितिमाती बेटावरून सुमारे 1 कोटी 70 लाख समुद्रपक्षी असे नाहीसे झाले.

ऐकायला निर्दय वाटतं, पण पक्ष्याचा हिशेब चुकीचा नसतो. हे पक्षी दीर्घायुषी, अंडी मात्र मोजकी. बियाणं वाया घालवण्यापेक्षा शेत पडीक ठेवावं, तसं ते एक वीण सोडतात आणि पुढच्या चांगल्या सालाची वाट बघतात.

हा हिशेब मोडतो तो उंदीर. जहाजांतून बेटांवर उतरलेला हा पाहुणा चांगल्या सालीही अंडी-पिल्लं खातो, म्हणजे भरून निघायची वेळच येत नाही. आपल्याच हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर नसलेल्या बेटांवर पक्ष्यांची दाटी शेकडो पटींनी जास्त निघाली. त्यांच्या विष्ठेतलं नत्र समुद्रात उतरतं, म्हणून भोवतालच्या प्रवाळांवर मासळीही जवळपास दीडपट. उंदराचं नुकसान असं पार पाण्याखाली पोचतं.

म्हणूनच पक्षी घटले की प्रत्येक वेळी एल निनो आणि तापमानवाढीकडे बोट दाखवून हात झटकणं मला पटत नाही. एल निनो कुणाला थांबवता येणार नाही, उंदीर हटवता येतो. साउथ जॉर्जियासारखं अवाढव्य, बर्फाळ बेट 2018 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं. (आपल्याकडे बाजार समितीच्या गोदामातले आधी हटवून दाखवा, असं कुणी म्हणेलच.)

समुद्रपक्ष्यांची आपली अशी जागा म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक. तिथे सुरय पक्षी विणीला येतात. नांदूरमध्यमेश्वरला दिसणाऱ्या नदीसुरयांचे हे समुद्रावरचे भाऊबंद. तिथे उंदीर पोचू नये म्हणून त्या खडकांना लागणाऱ्या प्रत्येक होडीतलं सामान आधी किनाऱ्यावर झाडून-तपासून घ्यावं आणि विणीच्या दिवसांत पर्यटकांना तिथे उतरू देऊ नये. याला ना मोठा निधी लागतो, ना जागतिक परिषद.

— येवलेकर