घोडा पुस्तकांत, गलबत पाण्यांत!

वाचकहो, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा निघाला म्हणजे पोरांपुढें काय उभें राहतें? घोड्यावर बसलेला वॉशिंग्टन! घोडा दिसतो, तरवार दिसते. पाणी मात्र कोठेंच दिसत नाहीं. आम्हीं वीस वर्षें हा धडा असाच पढविला, आणि आतां त्याची आम्हांस लाज वाटते.

१७७६ च्या ऑगस्टांत लाँग आयलंडवर वॉशिंग्टनचा सपशेल मोड झाला. पुढें इंग्रजांची फौज, पाठीशीं ईस्ट नदी, आणि समुद्र सारा इंग्रजांच्या आरमाराचा. २९ ऑगस्टच्या रात्रीं नऊ हजार शिपाई पलीकडे उतरविले ते कोणीं? मार्बलहेड-सेलेमकडच्या कोळ्या-खलाशांनीं! त्यांच्यांतील मार्बलहेडच्या पलटणीचा कर्नल जॉन ग्लोव्हर. त्याच डिसेंबरांत बर्फानें भरलेली डेलावेअर ओलांडून ट्रेंटनवर छापा घातला, तेव्हांहि वल्हीं याच मार्बलहेडकरांच्या हातीं. लॉइट्झेनें १८५१ सालीं काढलेलें प्रसिद्ध चित्र पाहा: सेनापति ताठ उभा, वल्हवणारे खालीं वाकलेले. पुस्तकवाल्यांनीं त्यांना त्याहूनहि खालीं, म्हणजे पानाबाहेर, लोटलें आहे.

कोणी शहाणा म्हणेल, होड्यांनीं फौज वांचते, युद्ध जिंकलें जात नाहीं. तर मग यॉर्कटाऊन घ्या. १७८१ सालीं वॉशिंग्टनची नजर न्यूयॉर्कवर होती. फ्रेंच आरमाराचा सरदार द ग्रास चेसापीक उपसागराकडे येतो, ही बातमी १४ ऑगस्टला पोहोंचली, तेव्हां सारा बेत फिरला आणि फौज दक्षिणेकडे वळली. द ग्रासनें तीन हजारांवर शिपाई आणले, हवानाहून पैसा आणला. ५ सप्टेंबरला त्याचीं २४ जहाजें इंग्रज ग्रेव्हजच्या १९ जहाजांशीं भिडलीं. त्या दिवशीं एकहि जहाज बुडालें नाहीं! पण ग्रेव्हज न्यूयॉर्कास परतला आणि खाडीचें दार फ्रेंचांच्या हातीं राहिलें. मधल्या मध्यें बारास वेढ्याच्या तोफा घेऊन आंत शिरला. सात हजारांवर फौज घेऊन वाट पाहणाऱ्या कॉर्नवॉलिसनें १९ ऑक्टोबरला हत्यारें ठेविलीं. इंग्रजांची कुमक आली ती पांच दिवसांनीं! (हाच कॉर्नवॉलिस पुढें १७८६ त गव्हर्नर जनरल होऊन आमच्या देशाच्या उरावर बसला.)

उलट, १७७८ सालीं वादळानें मोडलेलें फ्रेंच आरमार न्यूपोर्टहून निघून गेलें, आणि जमिनीवरचा वेढा आपोआप उठला. फौज तीच, देशाभिमान तोच; जहाजें नव्हतीं एवढेंच.

यांत वॉशिंग्टनला आम्ही लहान करीत नाहीं. निर्णायक आरमारावांचून आपल्या हातून निकालाचें कांहीं होणार नाहीं, असें त्यानेंच १७८१ च्या नोव्हेंबरांत लाफायेतला कळविलें. त्याला जें कबूल, तें त्याच्या भाटांना कबूल नाहीं! फ्रान्सचा राजा कांहीं स्वातंत्र्याचा भक्त नव्हता. इंग्रजांचा सूड त्याला हवा होता, हेंहि पोरांना सांगा.

पाठ्यपुस्तकें करणारांनीं पुढच्या आवृत्तींत मार्बलहेडच्या कोळ्यांना एक ओळ द्यावी. जागा नसेल तर घोड्याची काढावी.