कोंडाण्याच्या ओळीचा हक्क

अभिजात मराठीसाठी होणाऱ्या खर्चावर कोंडाणे लेण्यातील ब्राह्मी लेखाचा पहिला हक्क आहे, असे आमचे ठाम मत आहे. मराठीला अभिजात दर्जा देणाऱ्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयासाठी नाणेघाटातील शिलालेखाचा दाखला देण्यात आला आणि तो योग्यच होता. मात्र कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची प्राकृत ओळ दगडावर उभी आहे, हे विसरून चालणार नाही.

चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस, भंगलेल्या यक्षमूर्तीच्या मस्तकाजवळ ती कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने हे घडवले, एवढाच तिचा आशय. राजाचे नाव नाही, दानाचा आकडा नाही. शिष्याने आधी गुरूचे नाव लिहिले आणि मग स्वतःचे. ‘अंतेवासी’ हा शब्द मराठी वाचकाला आजही परका नाही. उल्हासकाठच्या लिखित वारशाच्या जुन्या खुणांपैकी ही एक.

पावसाळ्यात लेण्यासमोर धबधबा कोसळतो आणि गर्दी लोटते. उघड्या कातळावरची अक्षरे पाणी, शेवाळ आणि हातांचे स्पर्श किती काळ सोसणार? ग्रंथाची दुसरी प्रत निघते. या ओळीतले एक अक्षर झिजले, तर मूळ पुरावाच गेला.

पुरातत्त्व खाते आणि मराठी भाषा विभाग यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी या लेखाचे त्रिमितीय चित्रण करावे, त्याचा ठसा जपावा आणि वाचन व अर्थ मराठीत लेण्यापाशी लावावा.